उतरत्या ओझ्याची वीज

न्हावा-शेवा बंदरात जहाजावरचा कंटेनर वर उचलला जातो तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर जातात. क्रेनच्या मोटरचा खरा कस मात्र ओझं खाली उतरवताना लागतो. भरलेला कंटेनर 30 टनांपर्यंत, त्याला धरणारा स्प्रेडर वगैरे मिळून 40 टन समजू. एवढं वजन 30 मीटर खाली आलं, तर सुमारे सव्वातीन युनिट ऊर्जा मोकळी होते. एका कंटेनरमागे! तिचं करायचं काय?

50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चार पोलच्या इंडक्शन मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. उचलताना रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. उतरताना ओझंच दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला ओढतं, रोटर क्षेत्राच्या पुढे निघतो आणि तीच मोटर जनित्र बनते. वीज तयार होताना जो विरोध निर्माण होतो, तोच ओझ्याला आवरून धरतो. घाट उतरताना ट्रकवाला खालच्या गिअरवर गाडी आवरतो, तसंच हे.

ही वीज मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथलं डीसी व्होल्टेज चढू लागतं. साध्या ड्राइव्हला वीज परत लाइनवर पाठवता येत नाही, म्हणून ती रेझिस्टन्स बॉक्समध्ये जाळून टाकतात. क्रेनवरच्या या जाळीदार पेटीतून, सलग लोड उतरवल्यावर, भट्टीसारखी गरम हवा बाहेर पडते. विकत घेतलेली वीज अशी उधळणं खटकणारं आहे.

उपाय आहे: ‘ॲक्टिव्ह फ्रंट एंड’ ड्राइव्ह. तो ही वीज लाइनच्या तालात बसवून परत पाठवतो. शेजारची क्रेन त्याच वेळी लोड उचलत असेल, तर ती तिथेच खपते. गिअर आणि मोटरमधला तोटा वजा जातोच. डिझेल जनरेटरवरच्या यार्ड क्रेनची अडचण वेगळी: इंजिनाला वीज परत देऊन डिझेल मिळत नाही. तिथे सुपरकपॅसिटर किंवा बॅटरी लागते, नाहीतर क्रेनच विजेवर आणावी लागते.

दिवसातून चारदोन लोड उचलणाऱ्या वर्कशॉपच्या क्रेनसाठी हा महागडा ड्राइव्ह घेण्यात अर्थ नाही. बंदरात किंवा पोलाद कारखान्यात, जिथे क्रेन रात्रंदिवस चालते, तिथे तो घ्यायलाच हवा.

मेकॅनिकल ब्रेक मात्र कुठेच काढता येत नाही. वीज गेली की मोटरची पकडही जाते. तेव्हा स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप ड्रम आवळतो. एरवी ड्राइव्ह ओझ्याचा वेग जवळजवळ शून्यावर आणतो आणि मगच ब्रेक बसतो, त्यामुळे लायनिंगही कमी झिजतं.