सरड्याचं नाव 'सरडा' ठेवायला इतकी वर्षं का लागली?

हिंजवडीच्या आसपास अजून थोडेफार मोकळे माळ उरलेत. सातबाऱ्यावर किंवा सरकारी नकाशावर अशा जमिनीची नोंद बहुतेक वेळा 'पडीक' अशीच असते. पण दख्खनच्या अशाच खडकाळ, गवताळ माळांवर एक वीतभर सरडा राहतो. उन्हाळा संपत आला की नर दगडावर चढून गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी! मादी भुलावी आणि दुसरा नर पळावा, म्हणून हा थाट. डार्विनने 1871 सालच्या पुस्तकात या झालरीची दखल घेतली होती.

आता गंमत बघा. 1829 मध्ये क्युव्हिए यांनी पाँडिचेरीच्या नावावरून 'सिताना पाँटिसेरियाना' ही प्रजाती नोंदवली. पुढे भारतभर असा झालरवाला सरडा दिसला की बहुतेक जण तेच नाव लावत. 1870 मध्ये जर्डन यांनी दख्खनच्या सरड्याला वेगळं नाव दिलं होतं, पण तेही नंतर बाजूला पडलं.

असं का झालं? संग्रहालयात नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि त्यात रंग उडतो. झालर मिटलेली असते. मादीला तर रंगीत झालर नसतेच. बाटलीत उरतो तो एक तपकिरी सरडा, मागच्या पायाला चार बोटं असलेला. आणि चार बोटं तर या सगळ्यांनाच असतात!

मग वेगळेपण ठरवायचं कसं? एकाच पुराव्यावर नाही. खवले मोजायचे, डोक्याची आणि पायांची मापं घ्यायची, झालर पोटावर किती मागे जाते ते बघायचं, जिवंत नराचे रंग टिपायचे. शिवाय डीएनए. हे सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, की दावा पक्का होतो.

दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. 2016 मध्ये त्यांनी पाच नव्या प्रजाती मांडल्या आणि एक नवा जीनसही. जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचं घराणं. त्याचं नाव 'सरडा', थेट आपल्या मराठीतून घेतलेलं. जर्डन यांचा दख्खनी सरडा याच घराण्यात परत आला. सोबत आल्या दोन नव्या प्रजाती: 'सरडा डार्विनी' आणि साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची 'सरडा सुपर्बा'.

"नाव बदलून काय फरक पडतो?" असं मला नेहमी विचारतात. चाळकेवाडीवर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये दाखवलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. शिकारी घटले म्हणून सरडे वाढले. पण ते बारीक होते, माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके होते.

हा सरडा अजूनही 'पाँटिसेरियाना' असता, तर "भारतभर आहे की, काळजी कसली" म्हणून विषय संपला असता. सुपर्बाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. तिच्यासाठी चाळकेवाडीचं पठार म्हणजे घर आहे.

त्यामुळे माळावर असा सरडा दिसला तर पकडू नका. लांबूनच फोटो काढा, शक्यतो झालर उघडी असताना, आणि जागा व तारीख लिहून ठेवा. निदान त्या माळाला 'पडीक' म्हणण्याआधी तिथे कोण राहतं याची एक नोंद तरी असेल.