साच्यातला मारिओ

रामवाडीला एसटीतून उतरून पेणमध्ये शिरलं की आषाढातही गणपतीचे कारखाने भरलेले दिसतात. एकाच रबरी साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. महिन्याभराने जा: एकाचं सोवळं पिवळं, शेजारच्याचं जांभळं. डोळ्यांची आखणी झाली की दोघं चुलतभाऊसुद्धा वाटत नाहीत. ही कारागिरी मी त्याआधी टीव्हीवर पाहिली होती, फक्त तेव्हा ती कळली नव्हती.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात घरोघर खेळला गेला, बहुतेक ठिकाणी नकली यंत्रांवर. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. (गुण त्या काढण्या-घालण्याचा होता. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या उलट खराब व्हायच्या. पण हे तेव्हा कुणी मानलं नसतं.)

त्या कॅसेटमध्ये अख्खा गेम ४० केबीत बसवलेला होता. मोबाइलवरच्या दोन एमबीच्या एका फोटोत असे पन्नास गेम मावतील! त्या ४० केबीतले चित्रांसाठी ८ केबी. चित्रं म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्या: २५६ पात्रांसाठी, २५६ देखाव्यासाठी. तेवढ्यात आठ जगं आणि बत्तीस स्टेज उभ्या करायच्या.

मग साचा आणि रंग. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा, आकार तोच आहे. वर पांढरा रंग, खाली हिरवा. मारिओचा भाऊ लुइजी म्हणजे कपडे बदललेला मारिओच. तळघरातल्या निळसर विटा वरच्याच तपकिरी विटा आहेत. मागचे डोंगर, झुडपं, ढग दर तीन पडद्यांनंतर जसेच्या तसे फिरून येतात. आपण पळत असतो, कोण मोजतंय? दुसऱ्या जगातला किल्ला पाचव्या जगात पुन्हा भेटतो, तोही आपण नवा समजून खेळलो.

मला सगळ्यात आवडतो तो गूम्बा, पहिल्याच स्टेजमध्ये समोरून येणारा, भुवया चढवलेला तपकिरी शत्रू. शत्रूंमध्ये तो सगळ्यात शेवटी आला, तोवर जागा संपत आली होती. चालणारं पात्र काढायचं तर निदान दोन चित्रं हवीत, याच्या वाट्याला एकच आलं. तेच चित्र क्षणाक्षणाला डावं-उजवं उलटत राहतं आणि तो पाय आपटत चालल्यासारखा दिसतो. आखणी म्हणतात ती हीच.

याच युक्तीवर नकली कॅसेटवाल्यांनी मात्र नुसती लबाडी केली. वेष्टनावर छाती फुगवून ‘९९९९९९ इन १’. यादी उघडली की चौथ्या ओळीत मारिओ, पुढच्या पानावर दुसऱ्याच नावाने पुन्हा मारिओ, फक्त खेळ सुरू व्हायचा थेट पाण्यातल्या स्टेजपासून. आम्ही भावंडांनी एका सुट्टीत ती यादी वहीत उतरवून काढली होती. पोटात निघाले सात.