काठी वाकेल तिथे कडी
घरी घडवू गळाची काठी : भाग ७

मागच्या आठवड्यात मूठ आणि रीलची बैठक चिकटवून झाली. आता कड्या. दुकानदार त्यांना गाइड म्हणतो. रीलपासून शेंड्यापर्यंत दोरा ज्यांतून धावतो त्या या कड्या. त्या किती घ्यायच्या आणि कुठे बसवायच्या, यावर काठीचं निम्मं आयुष्य ठरतं, असं मी अनुभवाने सांगतो.

मी पहिली काठी घरी बांधली तेव्हा एका छापील तक्त्यातली मापं जशीच्या तशी उचलली होती. काठी सात फुटी, वर आडवं कास्टिंग रील. दिसायला देखणी झाली. ती घेऊन कराडला प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला गेलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र होऊन पूर्वेला वळतात. तळाला खडक आहे. तिसऱ्याच फेकीला गळ कपारीत अडकला. मी काठी वाकवून ओढत होतो. शेजारी जाळं निवडत बसलेले एक भोई मामा बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, “सर, काठी वाकलीया खरी, पण दोर काठीवरच झोपलाय की!”

खाली पाहिलं तर खरंच. मधल्या दोन कड्यांच्या दरम्यान दोरा काठीला टेकून घासत होता. शेंड्याजवळ दोन ठिकाणी तो कोपरासारखा मोडला होता. गळ सुटला नाही, दोरा तुटला. घरी येऊन भिंगातून पाहिलं, तर काठीच्या रोगणावर बारीक रेघ उमटलेली होती. त्या रात्री सगळ्या कड्या सोडवल्या.

आडव्या रीलची अडचण मुळातून समजून घेऊ. उभं स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकतं, कड्याही खालीच असतात. मासा ओढतो तेव्हा दोरा काठीपासून दूर जातो, त्यामुळे कडी थोडी चुकली तरी काठी ते पोटात घालते. आडवं रील काठीच्या पाठीवर बसतं आणि कड्याही वर उभ्या राहतात. काठी वाकली की कमानीच्या आतून सरळ जाऊ पाहणारा दोरा थेट काठीवर येतो. त्याला काठीपासून उचलून धरायला फक्त कड्याच असतात. म्हणून इथे कड्या जास्त लागतात आणि त्यांच्या जागाही नेमक्या लागतात. दिलासा एवढाच की या रीलवरून दोरा वेटोळी न घालता सरळ सुटतो, त्यामुळे बुडाशी ताटलीएवढी मोठी कडी लागत नाही.

आता थोडा हिशेब. वाकलेल्या काठीत दोरा एकूण ९० अंश वळतो असं धरा आणि त्याच्यावर तीन किलोचा ताण आहे असं समजा. शेंड्यासह पाचच कड्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १८ अंशांचं वळण येतं आणि कडीवर साधारण ९४० ग्रॅमचा दाब पडतो. कड्या नऊ केल्या तर वळण १० अंशांवर येतं आणि दाब सव्वापाचशे ग्रॅमपर्यंत उतरतो. पण नऊ कड्या असूनही जागा चुकली आणि एकाच कडीवर ३० अंशांचं वळण आलं, तर त्या एकटीवर दीड किलोहून जास्त भार बसतो. दोरा तिथेच झिजतो, काठीही तिथेच मोडते. तेव्हा नुसती कड्यांची संख्या वाढवून भागत नाही.

मग कड्या वाढवतच का जाऊ नये? कारण शेंड्याकडचा प्रत्येक ग्रॅम फेकीला जड पडतो. शेंडा सुस्तावतो, फेकीनंतर थरथरत राहतो, आणि लहानशा आमिषाची फेक आखूड पडते. म्हणून शेंड्याकडे कड्या लहान आणि हलक्या घ्याव्यात, सहा नंबरच्या किंवा त्याहून लहान. बुडाकडची दहा नंबरची पुरते. फक्त वेणीच्या दोऱ्याला पुढे जाड नायलॉन जोडणार असाल, तर ती गाठ सगळ्यात लहान कडीतून सहज जाते का ते आधी ओढून पाहा. आपल्याकडच्या खडकाळ डोहांत असा जोड लावावाच लागतो.

सुरुवात तक्त्यापासून करायला हरकत नाही, फक्त तिथेच थांबू नका. काठी ८४ इंची आणि रील बुडापासून १४ इंचांवर आहे असं धरा. पहिली कडी रीलपासून २० इंचांवर ठेवली, तर शेंड्यापर्यंत ५० इंच उरतात. शेंड्याकडून निघून ४, ४॥, ५।, ६, ६॥, ७।, ८ आणि ८॥ अशी अंतरं घेतली की बरोबर ५० भरतात. शेंड्यापाशी कड्या दाट, बुडाकडे विरळ. पण काठी दोन तुकड्यांची असेल तर लगेच घोटाळा होतो. सातवी कडी शेंड्यापासून ४१॥ इंचांवर येते आणि जोड असतो ४२ वर. कडी नेमकी जोडावरच! मग मी शेंड्याकडची अंतरं ४, ४।, ५, ५॥, ६।, ६॥।, ७। अशी आवळून सातवी कडी ३९ वर आणतो. शेवटचं अंतर ९ घेतो, म्हणजे बुडाची कडी रीलपासून २२ इंचांवर सरकते. चालतं.

आता खरी परीक्षा. कड्या अजून बांधायच्या नाहीत. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणा, तिचे पाव इंची तुकडे कापा आणि कडीच्या पायावर चढवा. कडी जागेवर राहते आणि बोटाने सरकवताही येते. मूठ खिडकीच्या गजाला मऊ कापड लावून घट्ट बांधा. शेंड्याला एक स्वतंत्र दोरी बांधून, तोलायच्या हुककाट्याला अडकवून हळूहळू ओढा. शेंडा मुठीशी काटकोनात आला की थांबा, त्यापुढे नेऊ नका. दुसरा दोरा रीलवरून कड्यांतून घालून हलका ताणा. वाकवायला एक आणि पाहायला दुसरी, अशा दोन दोऱ्या ठेवल्या की कडी सरकवताना काठीचा बाक बदलत नाही. आता बाजूने पाहा. दोरा काठीला कुठे टेकतो? टेकला तिथे जवळची कडी थोडी सरकवा. कुठे एकदम मोडतो? तिथे कड्या जवळ आणा. अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे. मला या कामाला अख्खी दुपार लागते आणि ती मी आनंदाने देतो.

दोन काठ्या शेजारी ठेवून पाहिल्या की कळतं, एकाच तक्त्याने दोन्हींचं भागणार नाही. मरळसाठीची काठी ताठ असते आणि शेंड्याकडच्या भागातच वाकते. पाणवनस्पतीतून मासा ओढून काढायचा असतो ना! तिच्या कड्या शेंड्याकडे गर्दी करतात. महसीरसाठीची काठी मवाळ असते, बाक पार मुठीपर्यंत उतरतो. तिच्या कड्या बुडापर्यंत समान वाटून द्याव्या लागतात. आपल्या दख्खनच्या महसीराचं वर्णन विल्यम सायक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात इथलंच ‘खुद्री’ हे नाव ठेवलं. गळाला लागला तर पाण्यातच गळ काढून त्याला सोडून द्यावा, ही माझी कळकळीची विनंती. मवाळ काठी, नीट वाटलेल्या कड्या आणि शाबूत दोरा असला, तर तो फार दमण्याआधी काठाला येतो आणि सोडल्यावर जगतो.

कणा जुळवण्याबद्दल अनेकजण विचारतात. काठीचं ताठ अंग शोधून त्यावर कड्या बसवल्या की ती हातात पिळत नाही, असा समज आहे. मला तो पटत नाही. कड्या वर आहेत आणि ओढ खाली आहे, म्हणून काठी पिळते. कणा कुठेही असो. पीळ खरंच नको असेल तर कड्या फिरवत न्या. बुडाची कडी वर, दुसरी साठ अंश बाजूला, तिसरी एकशेवीसवर, आणि चौथीपासून शेंड्यापर्यंत सगळ्या खाली. दोरा काठीच्या एका अंगाने वळून पोटाखाली जातो. मग उभ्या रीलसारखाच तो काठीपासून दूर राहतो आणि एखाददुसरी कडी कमीही करता येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काठी बिघडलीय असं वाटतं. फेकीत मला फरक जाणवलेला नाही, आणि जड माशासाठी मी आता अशीच बांधतो.

जागा ठरल्या की लगेच धागा घेऊ नका. रबरासह नदीवर जा, हलक्या वजनाने वीस-पंचवीस फेकी करा, दोरा कुठे खरडल्याचा आवाज येतो ते ऐका. मग प्रत्येक कडीच्या पायाच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा आणि शेंड्यापासूनची अंतरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात बांधणीचा धागा, त्याचा ताण आणि इपॉक्सीचा लेप घेऊ. तोवर पायांची टोकं कानशीने घासून कागदासारखी पातळ करून ठेवा.