पन्हाळगड ते पावनखिंड : एका कुटुंबाची पदयात्रा

सुटी जवळ आली की आम्हा सीमाभागातील घरांत एक प्रश्न हमखास निघतो : या खेपेस जावयाचे कोठे? थंड हवेची ठिकाणे पाहून झालेली असतात, देवदर्शनेही घडलेली असतात. अशा वेळी आम्ही वाचकांना पायी चालावयाची एक वाट सुचवू इच्छितो. ती म्हणजे पन्हाळगडापासून पावनखिंडीपर्यंतची सुमारे पन्नास किलोमीटरांची डोंगरवाट. बेळगावहून पहाटे निघाले तर कोल्हापूरमार्गे दुपारच्या आत पन्हाळा गाठता येतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांना जी खिंड केवळ धड्यातून ठाऊक असते, तिच्यापर्यंत ती स्वतःच्या पायांनी पोहोचतात, हे या सहलीचे मोल.

मात्र आधी आमची फजिती सांगितली पाहिजे. २०१८ च्या जुलै महिन्यात आम्ही, आमचे धाकटे बंधू, सोळा वर्षांचे चिरंजीव आणि बारा वर्षांची कन्या असे चौघे या वाटेस लागलो. तरणी मंडळी ही वाट दोन दिवसांत चालतात, म्हणून आम्हीही दोनच दिवस धरले. वाटाड्या घेतला नाही; नकाशा होता, उत्साह होता. मसाईचे पठार चढून गेलो तो धुके उतरले. मैलोगणती पसरलेल्या त्या सपाट माळावर दहा पावलांपलीकडचे दिसेना. दोन तास चालून पाहतो तो पुन्हा मसाईदेवीच्या देवळापाशीच उभे! कन्येच्या पायांत कोरे बूट. टाचांना फोड आलेले, परंतु आपल्यामुळे सर्वांचा बेत मोडेल या भीतीने पोरीने चकार शब्द काढला नव्हता. तेथे भेटलेला एक गुराखी म्हणाला, "पावणं, धुकं उतरलं की आमची गुरंबी माळावर वाट चुकत्यात. आता फुडं जाऊ नगासा." आम्ही मागे फिरलो. रात्र खालच्या वाडीत काढली. चिरंजीव मात्र फुरंगटून म्हणाले, "बाबा, बाजीप्रभू असे मागे फिरले असते का?" त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर त्यांच्यासह तो इतिहास पुन्हा वाचावयास घेतला. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून पन्हाळ्यास पडला होता. १२ जुलैच्या रात्री महाराज बाहेर पडले ते काही केवळ साहसाच्या भरात नव्हे. शरणागतीची बोलणी लावून शत्रूचा पहारा सैल केलेला होता. वाट आधी हेरांकरवी पाहून ठेवली होती; दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशिद होता, असे परंपरा सांगते. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे पाठलाग रोखणार आणि महाराज विशाळगडी पोहोचताच तोफांची खूण होणार, हेही ठरलेले होते. चिरंजीवांस आम्ही म्हटले, "बाळ, ज्यांना पोहोचवावयाचे त्यांना सुखरूप पोहोचवणे, हाच त्या रात्रीचा बेत होता. आपल्यात ज्यांना पोहोचवावयाचे, ती तुझी बहीण होती. आणि तिचा विचार आपण बेतातच घेतला नव्हता."

तेव्हापासून आमचा नियम ठरला : बेत आखावा तो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी. मुलाबाळांसह डोंगरात तासाला तीन किलोमीटर धरावेत. म्हणजे पन्नास किलोमीटरांस सोळा-सतरा तास होतात. हे तीन दिवसांत वाटून घ्यावेत. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, यास्तव चारपर्यंत मुक्कामाची वाडी गाठलेली बरी. पहिल्याच खेपेस पावसाळा निवडू नये. तेव्हा रान हिरवेगार असते खरे, पण चिखल, धुके आणि भरलेले ओढे मुलांस झेपत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने उत्तम. त्या दिवसांत मात्र पठारावर सावली नसते आणि पाणी दुर्मीळ होते, म्हणून माणशी तीन लिटर पाणी जवळ असावे.

निघण्यापूर्वी महिनाभर दर रविवारी चालण्याचा सराव करावा. बेळगावकरांस येळ्ळूरचा राजहंसगड किंवा वैजनाथाचा डोंगर त्यासाठी जवळ आहे. बूट या सरावात पायांस बसवून घ्यावेत. कोरा बूट यात्रेला नेऊ नये. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. शिवाय मीठसाखर, विजेरी, मलमपट्टी आणि शिट्टी. डोंगराच्या कुशीत मोबाइलवर विसंबू नये. खोतवाडी, करपेवाडी, पाटेवाडी अशा वाड्या वाटेत लागतात. मुक्कामाची सोय आधी कळवून ठरवावी आणि वाटाड्या तेथलाच घ्यावा. पुढे विशाळगडावर जावयाचे असल्यास प्रवेशाचे त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत. आणि निघतानाच सर्वांदेखत ठरवावे की कोठपर्यंत, किती वाजेपर्यंत न पोहोचल्यास मागे फिरावयाचे. म्हणजे ऐन वेळी कोणाचा हिरमोड होत नाही आणि कोणी दुखणे लपवीत नाही.

पुढील जानेवारीत आम्ही याच रीतीने पुन्हा निघालो. वाटाड्याच्या मागोमाग कन्या, तिच्यामागे आम्ही सारे. ती थांबली की सर्वांनी थांबावयाचे. तिसऱ्या दिवशी दुपारी पांढरपाणी मागे टाकून खिंडीपाशी आलो. दोन्ही बाजूंचे काळे कातळ, मधून उतरणारी अरुंद वाट. कोणी काही बोलेना. चिरंजीव पायऱ्यांपाशी थबकले, बाजूला सरले आणि बहिणीस म्हणाले, "तू हो पुढे."