शेजार मुरावा लागतो

१९२४ साली अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ लावूनच घेतले. देशनिहाय कोटा ठरवायला मुद्दाम १८९० ची जुनी जनगणना धरली, कारण तोवर इटालियन, पोलिश मंडळी फारशी आलीच नव्हती. अर्थशास्त्रज्ञ मार्को टॅबेलिनी यांनी त्या काळातल्या शहरांचे आकडे तपासले. जिथे स्थलांतरित जास्त आले, तिथे स्थानिकांचा रोजगार घटला नव्हता, उलट वाढला होता. तरीही तिथलेच खासदार निर्बंधांच्या बाजूने अधिक झुकले. पोटावर पाय आला म्हणून लोक चिडतात, हे आवडते स्पष्टीकरण इथे लंगडे पडते. खटकत होती ती नवागतांची भाषा, त्यांचा धर्म.

हा राग कायम राहतो का? लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नाही म्हणतो. अमेरिकेच्या ज्या काउंटींत अरब-मुस्लिम कुटुंबे अनेक दशके मोठ्या संख्येने नांदली, तिथल्या इतरांच्या मनात पूर्वग्रह कमी, अरब देशांसाठी देणग्या जास्त आणि काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर २०१७ मध्ये घातलेल्या प्रवासबंदीला पाठिंबा कमी आढळला. यावर कोणीही विचारेल, की मुळातच मोकळ्या मनाची गावे बघून ही कुटुंबे गेली नसतील कशावरून? संशोधकांनी त्यासाठी योगायोगाचा आधार घेतला. अरब देशांतून माणसे निघाली, त्याच सुमारास अमेरिकेच्या ज्या भागांकडे युरोपातल्या लोकांचीही रीघ होती, ते भाग संशोधकांनी निवडले. तिथल्या लोकांचे अरबांविषयीचे मत या निवडीत कुठे येतच नाही.

काळ लागतो हे खरे, पण नुसता काळ पुरत नाही. २०१५ मध्ये अपर ऑस्ट्रिया प्रांतात निर्वासितांना जिथे राहायला जागा दिली, त्या गावांत अतिउजव्या फ्रीडम पार्टीची मते तुलनेने कमी वाढली. जर्मन सीमेकडे जाताना ते जिथून फक्त पुढे गेले, तिथे जास्त. ग्रीक बेटांवर हजारो निर्वासित उतरले आणि लगोलग निघून गेले. ओळख व्हायला वावच नव्हता, तिथे वैर वाढले. अर्थात डेन्मार्कमध्ये ग्रामीण भागात निर्वासित वसवूनही स्थलांतरविरोधी पक्षांना फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते निष्कर्ष निवडणुकांच्या टप्प्यांतले आहेत, पिढ्यांचे नव्हेत.

पूर्वजांचे हाल आपोआप माणुसकी शिकवतात, असेही नाही. तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख निर्वासित वसले. त्यांच्या वारसांना तेव्हाच्या आणि आजच्या प्रसंगांतले साम्य दाखवून दिल्यावर आजच्या निर्वासितांविषयीची त्यांची सहानुभूती वाढली. हे सगळे पाहता निर्वासितांना वस्तीपासून दूर छावण्यांत कोंडून ठेवणारी सरकारे स्थानिकांचा राग टाळत नाहीत, तो लांबवतात.