ओवी, अभंग आणि कुंचला: मराठी ख्रिस्ती कलेचा मागोवा

विदर्भातल्या उमरेडपासून नागपूर सुमारे पन्नास किलोमीटर. मराठीत ख्रिस्तभक्तीने जी कला निर्माण केली, तिच्या वाटचालीतले एक मोठे वळण या नागपूरशी जोडलेले आहे. कवी नारायण वामन टिळक 1890 नंतरच्या वर्षांत नागपूरच्या धनिक बुटींच्या आश्रयाने राहत होते. 1893 साली नोकरीच्या शोधात ते राजनांदगावला निघाले आणि आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. आज मागे वळून पाहताना मला या प्रवासाचे महत्त्व फार वाटते. एका माणसाचा धर्म बदलला, हे तर त्यातून घडलेच. पण मराठी अभंगालाही त्यातून एक नवा भक्त मिळाला.

या वाटेची सुरुवात मात्र फार जुनी. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यातून त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. लॅटिन ही ज्यांची उपासनेची भाषा, अशा पाद्र्याने येशूची कथा सांगायला ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद निवडला. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती माणसांना आपलीच वाटेल अशी कथा त्यांना द्यायची होती.

विदर्भात हे काम वेगळ्या अंगाने सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. शाळा आणि प्रवचने यांच्या जोडीने त्यांनी गोंडांच्या लिंगो या आदिगुरूची गाथा ऐकून टिपून घेतली. 1863 मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे हे कागद संपादून छापले. धर्म सांगायला आलेला माणूस इथल्या गाण्याला कान देतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. अशा ऐकण्यावाचून कोणतीही श्रद्धा परक्या मातीत गाऊ लागत नाही.

आगगाडीतल्या त्या भेटीनंतर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एवढी किंमत मोजून ख्रिस्ती झालेल्या माणसाने जुने सारे टाकून दिले असते, तर कुणाला नवल वाटले नसते. टिळकांनी तुकाराम टाकला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची धारणा होती. तोवर मराठी चर्चमधली बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी अभंग, पदे, भजने लिहिली आणि ख्रिस्ती कीर्तन हाती घेतले. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गाणी आजही मोठ्या संख्येने आहेत.

उमरेडचे कोष्टी पूर्वी रेशीमकाठी धोतरांसाठी नावाजलेले होते. तसला काठ कापडासोबत मागावरच विणला जातो, नंतर वरून जोडलेला नसतो. टिळकांच्या गाण्यात भक्ती आणि अभंग यांचे नाते असेच आहे. अभंगात उतरताच ख्रिस्ताशी बोलण्याची तऱ्हा बदलली. ज्याच्याशी रुसावे, ज्याला हट्टाने हाक मारावी, असा सखा आणि माउली तो झाला. मराठी ख्रिस्ती श्रद्धेला हे ममत्व कलेने दिले.

लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या या बाईचा मनातल्या जातिभेदाशी चाललेला झगडा ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या पानापानांत दिसतो. श्रद्धेची इतकी प्रांजळ तपासणी मराठी गद्यात क्वचितच झाली असेल. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या ख्रिस्तकथेवरच्या काव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या आणि दोन वर्षांनी मुलगा देवदत्त यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. एका घराने तीस वर्षे ही कविता प्रार्थनेसारखी चालू ठेवली.

टिळकांचे इंग्रजी चरित्र 1923 मध्ये जॅक विन्स्लो यांनी लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. भारतीय रीतीने राहून ख्रिस्ताची उपासना करायची, ही त्यामागची तळमळ. त्याच परंपरेतल्या पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात 1930 नंतर अँजेलो दा फोन्सेका आसऱ्याला आले. गोव्यातल्या सांतो इस्तेव्हाँचे हे चित्रकार. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे ते शिकले. त्यांची मारिया साडी नेसलेली, सावळी, इथल्याच अंगणातली. गोव्यात या चित्रांवर टीकेचा भडिमार झाला आणि त्यांना घर सोडावे लागले. त्यांनी शैली सोडली नाही. 1967 मध्ये पुण्यात देह ठेवेपर्यंत ते हीच मारिया, हाच ख्रिस्त रंगवत राहिले. मुंबईत अँजेला त्रिंदाद यांनीही 1940 च्या दशकात ख्रिस्तकथेला भारतीय रूप दिले. फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

स्टीफन्स ते फोन्सेका ही साडेतीनशे वर्षे एकत्र पाहिली की एक गोष्ट ठळक होते. यांतल्या कुणीही आधी सिद्धान्त पक्का करून मग तो सजवला नाही. ओवी रचताना, अध्याय पुरा करताना, साडीची निरी रंगवताना त्यांना आपला देव अधिक कळत गेला. त्यासाठी कुणाला घर गमवावे लागले, कुणाला गाव.

हे काम संपलेले नाही. उमरेडच्या पूर्वेला झाडीपट्टी सुरू होते. तिथे लोकनाट्याची दंडार आहे, खडी गंमत आहे, झाडीबोलीची गाणी आहेत. गोठ्यातल्या जन्माची आणि क्रुसावरच्या मरणाची कथा पेलण्याचे बळ या रूपांत नक्की आहे. टिळकांनी कीर्तन हाती घेतले, तसे हे कुणीतरी हाती घ्यायला हवे. आपल्या मंडळ्यांनी नाताळच्या खर्चातला थोडा वाटा तरी अशा नव्या रचनांसाठी, गावातल्या शाहिरांसाठी आणि चित्रकारांसाठी राखून ठेवावा. टिळकांची गाणी आपण प्रेमाने गातो; त्यांच्यासारखे धाडस करू, तेव्हाच त्यांचे ऋण थोडे फिटेल.