बाळकृष्णाचं नाक कुणी नेलं?

तुमच्या देवघरातल्या बाळकृष्णाला नाक आहे का? हसू नका, जाऊन बघा. दुकानातून नुकताच आणलेला असेल तर असेलच. पण पणजीच्या काळापासून घरात रांगत असेल, तर नाकाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा सापडण्याची शक्यता जास्त. डोळे पुसट, कुंडलं गालात जिरलेली, लोण्याचा गोळा कुठे संपतो आणि मूठ कुठे सुरू होते ते कळत नाही. शेजारी अन्नपूर्णा बसलेली असते. तिच्या हातातली पळी शोधायला तर भिंगच आणावं लागेल. आणि पळी नसेल तर ती अन्नपूर्णा आहे हे ओळखायचं कशावरून? आपले देव हातातल्या वस्तूवरूनच तर ओळखू येतात!

नाक चोरणारा बाहेरून आलेला नाही. तो घरातलाच आहे, आणि दर सणावाराला हातात चिंच घेऊन येतो. त्याला पकडूच, पण आधी हे नाक घडवायला किती खटपट करावी लागते ते बघू या.

त्यासाठी तमिळनाडूत जावं लागेल. कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी स्वामीमलै नावाचं गाव आहे. तिथले मूर्तिकार, म्हणजे स्थपती, देवाची मूर्ती आधी मेणाची करतात. मापाला फूटपट्टी नाही! नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापायची आणि तिला हिशेबानं घड्या घालायच्या. चेहरा किती, छाती किती, गुडघा कुठे, सगळं त्या घड्यांवरून ठरतं. मधमाशीच्या मेणात राळ आणि थोडं तेल मिसळलेलं असतं. त्यातून बोटं, दागिने, कमरेची गाठ असं सगळं घडवायचं. मग त्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा पातळ लेप द्यायचा. तो वाळला की जाड लेप, मग आणखी जाड. हा मातीचा गोळा गोवऱ्यांच्या आगीत तापवला की आतलं मेण वितळून भोकातून वाहून जातं. मेण साधारण 62-64 अंश सेल्सियसलाच वितळतं, त्याचं काही अवघड नाही. राहते ती मूर्तीच्या आकाराची पोकळी, आणि तिच्यात ओततात धगधगता रस. नुसतं तांबं वितळायला 1085 अंश लागतात. त्यात जस्त किंवा कथील घातलं की जरा कमी तापमानात भागतं. तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं आणि कथील घातलं की कांसं. पण जस्त मोठं वांड! ते 907 अंशांनाच उकळायला लागतं, म्हणून पितळेच्या भट्टीतून पांढरा धूर निघताना दिसतो.

धातू किती घ्यायचा ते कसं कळतं? मेण तोलून. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. मेणाच्या किती पट धातू घ्यावा, याचा हिशेब त्यातही दिलेला आहे. आपणही करून बघू. एक घन सेंटिमीटर मेण भरतं सुमारे 0.96 ग्रॅम आणि तेवढंच पितळ सुमारे 8.5 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम मेणाच्या भरीव मूर्तीला जवळजवळ 900 ग्रॅम पितळ लागणार. वर थोडं जास्तीचं घ्यायचं, कारण रस कमी पडला तर देवाचा एखादा पायच यायचा नाही.

सगळं थंड झालं की मातीचा साचा फोडायचा. साचाच फुटल्यामुळे हुबेहूब दुसरी मूर्ती त्यातून निघत नाही. मग कानस आणि छिन्नी घेऊन बसायचं, नाकाची कड काढायची, भुवया कोरायच्या. डोळे उघडतात ते अगदी शेवटी. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर 2023 मध्ये उभा राहिलेला नटराज स्वामीमलैच्या स्थपतींनी याच मेणाच्या रीतीनं ओतला. त्याची उंची 27 फूट आणि वजन सुमारे 18 टन! एका हातात डमरू, तो सृष्टी निर्माण करणारा. दुसऱ्या हातात आग, ती सगळं संपवणारी. तिसरा हात ‘भिऊ नकोस’ म्हणतोय, चौथा उचललेल्या पायाकडे दाखवतोय. आणि दुसऱ्या पायाखाली दबलेला बुटका म्हणजे अज्ञान. (मला तो बुटकाच सगळ्यात आवडतो. चिरडला जातोय, तरी चेहऱ्यावर आठी नाही!) आपल्या घरातले छोटे पितळी देव मात्र बरेचसे वाळूच्या साच्यात ओतलेले असतात. तरी नाक त्यांनाही असतंच.

आता चोराकडे वळू. मूर्ती चकचकीत होऊन देवघरात बसली की हवा कामाला लागते. हवेतला ऑक्सिजन तांब्याला चिकटतो आणि आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळपट थर चढतो. स्वयंपाकघरातल्या धुरात आणि हवेत गंधकाची संयुगं असतात, तीही हात धुऊन घेतात. तुमच्या बोटांच्या घामात मीठ असतं. आज मूर्तीला हात लावा, काही दिवसांनी तिथे तुमच्या बोटाचा ठसा उमटलेला दिसेल. म्हणून तर संग्रहालयातली माणसं हातमोजे घालतात.

तर, हा काळेपणा म्हणजे वरून पडलेली धूळ नव्हे. मूर्तीच्याच तांब्याचा तो थर आहे, फक्त त्याचं रूप बदललंय. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं, ते या थराला विरघळवतं. मीठ घातलं की आणखी जोर येतो. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट आमटी कळकते ना, तोच हा प्रकार. फरक इतकाच की आमटीत तो नको असतो आणि देवावर हवा असतो. म्हणजे प्रत्येक उजळणीला मूर्तीचा एक बारीकसा थर चोथ्याबरोबर मोरीत जातो. त्यात कुणी रांगोळी नाहीतर राख घेऊन खसाखसा घासली, तर विचारूच नका. बोटाचा दाब सगळ्यात जास्त पडतो तो पुढे आलेल्या भागांवर, म्हणजे नाक, गुडघा आणि लोण्याचा गोळा यांवर. सापडला चोर? पणजी, आजी, आई, आणि सुट्टीत मदतीला बसलेले तुम्ही!

मग देव घासायचेच नाहीत का? घासायचे की. फक्त चिंचेचा कोळ पातळ करायचा, बोटांनी हलकेच लावायचा आणि पाचेक मिनिटांत भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचा. आंबटात रात्रभर बुडवून ठेवलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि देव लालसर डागांचा होतो. तारेची घासणी तर लांबच ठेवा. पंचामृताच्या अभिषेकानंतरही नीट धुवा, कारण दह्यातही आम्ल असतं. मग मऊ फडक्यानं लगेच कोरडं करा. आणि खाचांमधला काळेपणा खुशाल राहू द्या. त्या काळ्या रेघांमुळेच तर डोळे आणि कपड्याच्या चुण्या उठून दिसतात. संग्रहालयात धातूच्या मूर्तीवर मेणाचा अगदी पातळ थर देतात. बघा, मूर्ती घडली मेणात आणि तिला हवेपासून वाचवायलाही मेणच!

फार जुन्या मूर्तीला मात्र घरी हात लावायचा नाही. तिच्यावरचा गुळगुळीत हिरवट थर आतल्या धातूला जपत असतो. पण फिकट हिरवे, भुसभुशीत, पूड सुटणारे ठिपके दिसले तर तो आजार समजा. त्याला कांस्यरोग म्हणतात. क्षार आणि दमट हवा एकत्र आली की तो धातूला आतून खात जातो, त्यामुळे कोकण-गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात जास्त जपावं लागतं. संग्रहालयातल्या जाणकाराला विचारणं बरं.

राहिले टाक. खंडोबा घोड्यावर बसलेला, देवी आयुधं घेतलेली, असे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले देव. चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही, पण गंधकापुढे तिची मात्रा चालत नाही. सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. इथे मात्र न घासता एक गंमत करता येते. आधी ती चांदीच्या जुन्या चमच्यावर करून बघा. टाकाला हात लावू नका, कारण काही टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो, आणि आजीची परवानगी ही वेगळीच गोष्ट. काचेच्या भांड्यात तळाला अॅल्युमिनियमची फॉइल पसरा आणि तिला टेकेल असा चमचा ठेवा. वर दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि मोठ्या माणसाकडून कडक गरम पाणी ओतून घ्या. गंधक चांदीला सोडतो आणि चांदी पुन्हा चांदी होते, जिथल्या तिथे. फॉइल तेवढी काळवंडते. भांड्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर खिडकी उघडा आणि खूश व्हा. चमच्यावरचा गंधक निघाला!